शेंद्रा ते वाळूज: मल्टिनॅशनल कंपन्या परदेशात धंदा कसा करतात, हे संभाजीनगरच्या उदाहरणांवरून समजून घ्या

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याला लागलं आणि चिकलठाण्याचा विमानतळ मागे टाकला की थोड्या वेळात शेंद्रा एमआयडीसी येते. इथे चेक प्रजासत्ताकातल्या स्कोडाचा कारखाना आहे. त्याच पट्ट्यात पर्किन्सची इंजिनं बनतात. शेजारच्या ऑरिकमध्ये दक्षिण कोरियाच्या ह्योसंगचा स्पँडेक्स धागा निघतो. आपल्या लेगिंग्ज आणि स्ट्रेच जीन्स ज्याच्यामुळे ताणल्या जातात, तोच धागा. शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाळूजमध्ये अमेरिकेच्या गुडइयरचे टायर तयार होतात आणि बजाजच्या रिक्षा परदेशात जाण्यासाठी बाहेर पडतात.

गंमत अशी आहे की 'इंटरनॅशनल बिझनेस' शिकायला इथली पोरं पुण्या-मुंबईला जातात आणि तिथे पुस्तकातली नाइकी आणि मॅकडोनाल्ड्सची उदाहरणं पाठ करतात. खरं तर या विषयाचं जवळपास प्रत्येक प्रकरण या शहरात घडून गेलंय. नफ्याचं, तोट्याचं, कोर्टकचेरीचं आणि दिवाळखोरीचंसुद्धा.

म्हणूनच मल्टिनॅशनल कंपनी दुसऱ्या देशात नेमकं काय करते, ते इथल्याच उदाहरणांवरून पाहू.

मल्टिनॅशनल कंपनी कुणाला म्हणायचं?

परदेशात माल विकणारी प्रत्येक कंपनी मल्टिनॅशनल नसते. नाशिकचा द्राक्ष उत्पादक युरोपात द्राक्षं पाठवतो, तो निर्यातदार असतो. पण एखादी कंपनी दुसऱ्या देशात कारखाना, ऑफिस किंवा आख्खी कंपनी ताब्यात ठेवते, तिथली माणसं कामाला लावते आणि तिथल्या कायद्याखाली धंदा करते, तेव्हा ती मल्टिनॅशनल होते.

पर्किन्सचंच बघा. ही मूळची ब्रिटिश कंपनी. १९९८ मध्ये ती अमेरिकेच्या कॅटरपिलरने विकत घेतली आणि २०१५ मध्ये तिचा कारखाना शेंद्र्यात सुरू झाला. म्हणजे ब्रँड ब्रिटिश, मालक अमेरिकी आणि कामगार मराठवाड्यातले. मग ही कंपनी कुठल्या देशाची?

या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर नाही. म्हणूनच कुठल्याही मल्टिनॅशनल कंपनीबद्दल चार प्रश्न विचारायचे. मालकी कुणाची? माल कुठे बनतो? कायदा कुठला लागू होतो? आणि नफा कुठे जातो, नुकसान कोण सोसतं? पुढची सगळी उदाहरणं याच चार प्रश्नांवर तपासून बघा.

परदेशात शिरायचे पाच रस्ते

पहिला रस्ता निर्यातीचा. माल घरी बनवायचा आणि बाहेर विकायचा. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि आज कंपनी डझनावारी देशांत दुचाकी-तीनचाकी विकते. यात गुंतवणूक कमी लागते, पण समोरच्या देशाचं चलन कोसळलं तर काहीच हातात राहत नाही. जून २०२३ मध्ये नायजेरियाने आपल्या नायराचा दर बाजारावर सोडला आणि नायरा घसरला. तिथे डॉलरची टंचाई आधीपासूनच होती. नायजेरिया ही बजाजची मोठी बाजारपेठ असल्यामुळे निर्यातीला फटका बसला. लागोसमधल्या चलनाचा परिणाम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या ऑर्डरवर होतो, तो असा.

दुसरा रस्ता तंत्रज्ञान भाड्याने देण्याचा. परदेशी कंपनी स्वतः येत नाही. ती तंत्रज्ञान देते आणि बदल्यात रॉयल्टी घेते. १९८० च्या दशकात व्हिडिओकॉनने जपानच्या तोशिबाशी आणि बजाजने कावासाकीशी असेच करार केले होते. तेव्हा परदेशी मालकीवर कडक बंधनं होती. १९७३ च्या 'फेरा' कायद्याने बहुतेक क्षेत्रांत परदेशी हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला लावला होता. कोका-कोला आणि आयबीएम त्या काळात भारतातून निघून गेल्या, ते याच वादातून.

तिसरा रस्ता भागीदारीचा. स्थानिक कंपनीला सोबत घेऊन नवी कंपनी काढायची. टोयोटा किर्लोस्कर मोटर हे त्याचं उदाहरण. या कंपनीने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. तो सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा आणि संभाजीनगरमधल्या कारखान्याचा होता. यात मोठा वाटा टोयोटाचा आहे आणि किर्लोस्करांचा हिस्सा छोटा आहे. भागीदार कशासाठी लागतो? जमीन, परवाने, कामगार संघटना, राजकारण या गोष्टी त्याला आधीच माहिती असतात, म्हणून.

चौथा रस्ता नवा कोरा कारखाना उभारण्याचा. जमीन घ्यायची आणि शून्यापासून सुरुवात करायची. ऑरिकमध्ये सुमारे १०० एकरांवर आलेली ह्योसंग या प्रकारातली. सगळं आपल्या मनासारखं करता येतं, पण पैसा आणि वेळ दोन्ही जास्त लागतात.

पाचवा रस्ता चालू कंपनी विकत घेण्याचा. यात ग्राहक, कामगार आणि मशिनरी पहिल्या दिवसापासून मिळतात. पण त्या कंपनीची जुनी दुखणीही सोबत येतात. या रस्त्याने आपल्या शहरातल्या कंपन्या परदेशात गेल्या. त्यांची गोष्ट पुढे येते.

रस्ता कुठला निवडायचा हे ठरवताना कंपनी एकच हिशोब करते. ताबा जास्त हवा असेल तर जोखीम जास्त घ्यावी लागते. जोखीम कमी हवी असेल तर ताबा सोडावा लागतो.

स्कोडा: गाडी आली, की गाडीचे भाग आले?

आता येऊ शेंद्र्याच्या सगळ्यात गाजलेल्या प्रकरणावर.

स्कोडा २००१ मध्ये ऑक्टाव्हिया घेऊन भारतात आली. तेव्हाही आणि नंतरही अनेक वर्षं परदेशातून तयार गाडी आणली तर त्यावर जबर आयात शुल्क लागायचं. गाडीच्या किमतीनुसार ते १०० टक्क्यांपर्यंत जायचं. म्हणजे १५ लाखांची गाडी बंदरातच ३० लाखांची होणार.

यावर जगभरातल्या कंपन्यांचा उपाय एकच असतो. गाडी पूर्ण आणायची नाही. तिचे सुटे भाग पेटीत भरून आणायचे आणि जोडणी इथे करायची. याला वाहन उद्योगात 'सीकेडी' म्हणतात. यावर शुल्क कमी लागतं. सरकारचाही यात फायदा असतो. जोडणीच्या निमित्ताने कारखाना येतो, रोजगार येतो आणि हळूहळू भाग बनवणारे व्हेंडरही तयार होतात. स्कोडाच्या महागड्या गाड्या आणि त्याच ग्रुपमधल्या ऑडीच्या गाड्या शेंद्र्यात जोडल्या जाऊ लागल्या, त्या याच गणितावर.

पण सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क विभागाने स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला नोटीस दिली. मागणी होती सुमारे १.४ अब्ज डॉलरची. त्या वेळच्या दराने ही रक्कम ११ हजार कोटी रुपयांच्या वर जाते.

विभागाचा आरोप असा की कंपनी जवळपास पूर्ण गाडीच सुट्या रूपात आणत होती. त्यावर सीकेडीचं ३० ते ३५ टक्के शुल्क लागायला हवं होतं. पण माल वेगवेगळ्या खेपांमध्ये 'सुटे भाग' म्हणून दाखवला गेला आणि ५ ते १५ टक्केच शुल्क भरलं गेलं. हा हिशोब २०१२ पासूनचा आहे आणि त्यात कोडियाक, सुपर्ब, टिग्वान आणि ऑडीच्या काही गाड्या येतात.

कंपनीला हा आरोप मान्य नाही. तिचं म्हणणं असं की भाग एकत्र संच म्हणून येत नाहीत, ते वेगवेगळे येतात आणि इथल्या भागांसोबत जोडले जातात. शिवाय या पद्धतीची सरकारला आधीपासून कल्पना होती आणि २०११ मध्ये त्याबद्दल आपल्या बाजूचं स्पष्टीकरणही मिळालं होतं. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने नोटिशीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. इतकी रक्कम भरायची वेळ आली तर तो कंपनीसाठी जगण्या-मरण्याचा प्रश्न ठरेल, असंही तिने न्यायालयात मांडलं.

कोण बरोबर, हे न्यायालय ठरवेल. पण विद्यार्थ्यासाठी यातला धडा स्पष्ट आहे. सगळा वाद एका शब्दाचा आहे. पेटीत आहे त्याला 'गाडी' म्हणायचं की 'भाग'? आयात-निर्यातीत प्रत्येक वस्तूला एक कोड असतो, त्याला एचएस कोड म्हणतात. त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात आणि भारतात तो आठ आकडी होतो. कोड बदलला की शुल्क बदलतं, आणि शुल्क बदललं की आख्ख्या कारखान्याचं गणित बदलतं. कॉलेजात रटाळ वाटणारा हा धडा इथे हजारो कोटींचा होतो.

नफा मायदेशी कसा जातो?

'परदेशी कंपन्या पैसा घेऊन जातात' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण तो जातो कसा?

सरळ मार्ग लाभांशाचा. भारतातली उपकंपनी नफा कमावते, त्यावर इथे कर भरते आणि उरलेल्यातून मालक कंपनीला लाभांश देते.

दुसरा मार्ग रॉयल्टीचा. ब्रँडचं नाव, डिझाइन आणि तंत्रज्ञान वापरल्याबद्दल उपकंपनी मुख्य कंपनीला पैसे देते.

तिसरा मार्ग जरा बारकाईचा आहे. समजा, एका ग्रुपची परदेशातली कंपनी एक भाग ६०० रुपयांत बनवते आणि आपल्याच ग्रुपच्या भारतातल्या कंपनीला तो विकते. ही किंमत कोण ठरवणार? बाजार नाही, कारण विकणारा आणि घेणारा एकाच घरातले. किंमत ९०० लावली तर नफा तिकडे दिसणार. ६५० लावली तर नफा इकडे दिसणार आणि कर इकडे भरावा लागणार. याला 'ट्रान्सफर प्रायसिंग' म्हणतात.

ही किंमत लावणं बेकायदेशीर नाही, ती लावावीच लागते. पण ती दोन अनोळखी कंपन्यांमध्ये जशी ठरली असती तशीच असायला हवी, असा नियम आहे. भारताने २००१ मध्ये यासाठी सविस्तर कायदा केला. तेव्हापासून आयकर विभाग आणि मल्टिनॅशनल कंपन्यांमधले कितीतरी खटले याच मुद्द्यावर लढले गेलेत. या विषयाचा अभ्यास केलेल्या सीएंना आणि वकिलांना त्यामुळे चांगली मागणी असते.

उलटा प्रवास: संभाजीनगरहून जगात

आपल्याकडे 'मल्टिनॅशनल' म्हटलं की बाहेरून आलेलीच कंपनी डोळ्यांसमोर येते. पण या शहराने स्वतःच्या मल्टिनॅशनल कंपन्याही घडवल्या. त्यांच्या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट व्हिडिओकॉनची. धूत कुटुंबाची ही कंपनी याच शहरात मोठी झाली. पैठण रस्त्यावर चितेगावला तिचा मोठा कारखाना होता. २००५ मध्ये तिने फ्रान्सच्या थॉमसनचा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने तिच्या हातात आले. मराठवाड्यातल्या कंपनीने युरोपातले कारखाने घेतले, याचं तेव्हा मोठं कौतुक झालं.

अडचण एकच होती. जग त्याच वेळी डबा टीव्हीकडून सपाट एलसीडी टीव्हीकडे निघालं होतं. पिक्चर ट्यूबची मागणी काही वर्षांत आटली. स्वस्तात मिळालेले कारखाने गळ्यातलं लोढणं झाले आणि इटलीत कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. इकडे ग्रुप तेल, टेलिकॉम अशा क्षेत्रांत शिरला होता. मोझांबिकच्या वायूसाठ्यातला १० टक्के हिस्सा २०१३ मध्ये सुमारे २.५ अब्ज डॉलरला विकायचा करार झाला, म्हणजे तो डाव जमला. पण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ टेलिकॉम परवाने रद्द केले, त्यात व्हिडिओकॉनचेही होते. कर्जाचा डोंगर वाढत गेला आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. या शहरात आजही एखाद्या घरात 'आमचे बाबा व्हिडिओकॉनला होते' असं म्हटलं जातं, तेव्हा त्यात अभिमान आणि हळहळ दोन्ही असतं.

दुसरी गोष्ट व्हॅरॉकची. वाळूजच्या या कंपनीने २०१२ मध्ये अमेरिकेच्या व्हिस्टिऑनचा वाहनांच्या दिव्यांचा व्यवसाय घेतला. मेक्सिको आणि चेक प्रजासत्ताकातले कारखाने मिळाले. जगातल्या मोठ्या कार कंपन्या ग्राहक झाल्या आणि उलाढाल कितीतरी पटींनी वाढली. पण कोरोना आणि त्यानंतरच्या चिप टंचाईत तिकडचा तोटा वाढत गेला. शेवटी २०२२ मध्ये कंपनीने युरोप-अमेरिकेतला चारचाकी दिव्यांचा व्यवसाय फ्रान्सच्या प्लास्टिक ऑम्नियमला विकला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. व्हॅरॉक बाहेर पडली, पण बुडली नाही. तोटा आख्ख्या कंपनीला गिळण्याआधी परत फिरणं, हाही परदेशी धंद्यातला निर्णयच असतो.

तिसरी गोष्ट एंड्युरन्सची. ही व्हॅरॉकच्या संस्थापकाच्या जुळ्या भावाची कंपनी. १९८५ मध्ये ॲल्युमिनियमच्या कास्टिंगपासून सुरुवात करून ती बजाजसोबत वाढली. २००६-०७ च्या सुमारास तिने जर्मनी आणि इटलीतल्या छोट्या कंपन्या घ्यायला सुरुवात केली. त्याही कास्टिंगच्याच, म्हणजे जे काम घरी येतं तेच बाहेर. एकदम मोठा घास घेतला नाही. युरोपातला व्यवसाय आजही तिच्या उलाढालीचा महत्त्वाचा भाग आहे.

चौथी गोष्ट वोक्हार्टची. मुख्यालय मुंबईत, पण औषधं वाळूज आणि चिकलठाण्यात बनायची. तिने ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स आणि अमेरिकेत कंपन्या घेतल्या होत्या. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने आधी वाळूज आणि मग चिकलठाण्याच्या कारखान्यातल्या औषधांच्या आयातीवर निर्बंध घातले. गुणवत्तेच्या नोंदी आणि कामाच्या पद्धतीबद्दलचे ते आक्षेप होते. निरीक्षक वॉशिंग्टनच्या नियमाने तपासतो आणि काम वाळूजमधलं थांबतं. ज्या देशात माल विकायचा, त्या देशाचा कायदा तुमच्या कारखान्याच्या आत येतो, तो असा.

चारही गोष्टी एकत्र पाहिल्या तर लक्षात येतं की परदेशात जाणं अवघड नाही, पैसा असला की जाता येतं. आपण काय विकत घेतोय, ते उद्याही विकलं जाणार आहे का आणि चुकलं तर परत फिरायची सोय आहे का, हे ओळखणं अवघड आहे.

कंपन्या इथेच का आल्या?

दुष्काळी मराठवाड्यात कारखाने आले, ते आपोआप नाही. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली. मागास भागात उद्योग गेले तर राज्य सरकार सवलती द्यायचं. जायकवाडीचं पाणी होतं. १९८५ मध्ये बजाज आली आणि तिच्यामागे शेकडो व्हेंडर आले. याला 'अँकर कंपनी' म्हणतात. एक मोठं झाड लागलं की त्याच्या सावलीत बाकीची रोपं वाढतात. आता शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १० हजार एकरांवर ऑरिक उभं राहतंय आणि टोयोटाकडून तीच अपेक्षा आहे. फक्त, सामंजस्य करार म्हणजे कारखाना नव्हे, हे बातमी शेअर करताना लक्षात ठेवा. करार हा इरादा असतो. जमीन, बांधकाम आणि भरती हे त्यानंतरचे टप्पे.

आणि कंपनी कितीही जागतिक असली तरी पाणी स्थानिकच लागतं. एप्रिल २०१६ च्या भीषण दुष्काळात उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने बिअर आणि दारू कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला सांगितलं. जागतिक ब्रँडची बिअर इथे बनत होती आणि गावागावांत टँकर फिरत होते. 'स्थानिक समाजाशी संबंध' हा पुस्तकातला शेवटचा, कुणी न वाचणारा धडा असतो. त्या उन्हाळ्यात तो पहिला धडा झाला.

मग हा विषय शिकायचा कसा?

औपचारिक मार्ग माहितीचे आहेत. दिल्लीची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन ट्रेड १९६३ पासून हाच विषय शिकवते. पुण्यात सिम्बायोसिसची इंटरनॅशनल बिझनेसची स्वतंत्र संस्था आहे. इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात व्यवस्थापनाचं शिक्षण मिळतं. प्रवेशाचे नियम बदलत असतात, ते संस्थेच्या वेबसाइटवरच तपासा.

पण डिग्रीच्या आधी आणि डिग्रीशिवायही बरंच करता येतं.

एक, वार्षिक अहवाल वाचा. एंड्युरन्स आणि व्हॅरॉक शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत, त्यांचे अहवाल फुकट मिळतात. त्यात परदेशी उपकंपन्यांची यादी असते आणि 'रिलेटेड पार्टी' व्यवहारांची टीप असते. ग्रुपमध्ये पैसा कुठून कुठे गेला, हे तिथे दिसतं.

दोन, आयात-निर्यातीचे कागद ओळखा. एचएस कोड, बिल ऑफ लेडिंग, लेटर ऑफ क्रेडिट आणि माल कुठल्या टप्प्यापर्यंत कुणाच्या जबाबदारीवर असतो हे सांगणारे इन्कोटर्म्स. वाळूजमधल्या एखाद्या छोट्या निर्यातदाराकडे दोन महिन्यांची इंटर्नशिप केली तर हे पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

तीन, स्वतःचा छोटा धंदा असेल तर आयईसी नंबर काढा. निर्यातीसाठी लागणारा हा नंबर ऑनलाइन मिळतो आणि सरकारी फी ५०० रुपये आहे.

चार, एक परदेशी भाषा शिका. जर्मन, जपानी किंवा कोरियन. शेंद्रा-बिडकीनच्या पाट्या वाचल्या की का, ते कळेल.

थोडक्यात सांगायचं तर

मल्टिनॅशनल कंपनी दोन देशांमधल्या फरकावर जगते. मजुरीतला फरक, करातला फरक, शुल्कातला फरक, नियमातला फरक. तो फरक नीट हाताळला तर नफा होतो आणि चुकला तर नोटीस येते, आयातबंदी होते किंवा दिवाळं निघतं. हे निर्णय बहुतेक वेळा दूरच्या बोर्डरूममध्ये होतात, पण त्यांचा हप्ता इथला माणूस भरतो. कधी पगारवाढीत, कधी कारखान्याच्या बंद गेटसमोर.

म्हणून पुढच्या वेळी 'अमुक कंपनी शहरात येतेय' अशी पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी ते चार प्रश्न विचारा. मालकी कुणाची, बनणार काय, कायदा कुठला आणि नुकसान झालं तर कुणाचं?